‘सांगून ऐकत नाही’ असा शेरा

९ जानेवारी

प्रिय मावशी,

नमस्कार. तुमच्या हॉस्पिटलच्या धुलाई विभागातून माझे चौसष्ट फॉर्म भरून आले. एकही कोरा नाही. आमच्या खोलीत आम्ही तिघं संशोधक एकाच लांब टेबलावर बसतो, आणि बाकीच्या दोघांना माझा हेवा वाटला. त्यांनी शंभर पाठवले की तीस परत येतात, तेही चहाचे डाग पडलेले.

माझा विषय तुला एकदा नीट सांगायचा होता. पण फोनवर तू दोन वाक्यांत ‘बरं बरं, ठेवते हं’ म्हणतेस. रागावलीस का माझ्यावर? म्हणून पत्र लिहितेय. विषय असा आहे: कामाच्या जागी ज्यांच्यावर अन्याय होतो ती माणसं तक्रार का करत नाहीत? आमच्या सामाजिक मानसशास्त्रात याचं एक उत्तर देतात. वर्षानुवर्षं खाली राहिलेल्या माणसाला हळूहळू वाटायला लागतं, की हे असंच असायचं, आपली जागा हीच. तसं मानलं की रोजचा दिवस ढकलता येतो.

तुमचे फॉर्म या उत्तरात चपखल बसतात. ‘मला सन्मानाने वागवलं जातं’: पूर्ण सहमत. ‘कामाची जागा सुरक्षित आहे’: पूर्ण सहमत. अकरावा प्रश्न, ‘माझी तक्रार ऐकून घेतली जाते’, त्यालाही चौसष्टच्या चौसष्ट जणी पूर्ण सहमत! ज्यांच्या हाताखाली मी पीएचडी करतेय त्या मॅडम खूश आहेत. मार्चच्या परिषदेत हे प्रकरण वाचायचं ठरलंय.

मला मात्र रुखरुख लागलीय. त्या चौसष्टांत तूही आहेस. आईजवळ तू त्या जागेबद्दल काय काय बोलतेस ते मी फ्रॉक घालत होते तेव्हापासून ऐकतेय. तूसुद्धा ‘पूर्ण सहमत’?

तुझी भाची


२० जानेवारी

चि. शंकेखोर मुलीस अनेक आशीर्वाद.

तुझ्यावर कसला राग! मला फोनपेक्षा कागद बरा वाटतो, एवढंच.

फॉर्म कसे भरले ते सांगते, पण हसायचं नाही. जेवणाच्या सुट्टीआधी सुपरवायझर एका खोक्यावर चढले. गळ्यातली शिट्टी फुंकली आणि कागद वाचायला लागले. आता आमच्याकडे सहा वॉशर, चार ड्रायर आणि चादरींना इस्त्री करणारा मोठा रोलर, सगळं एकदम चालू. हॉस्पिटलभरच्या चादरी, गाऊन, पडदे तिथे येतात. त्या आवाजात आम्ही तोंडाने कमी आणि हातांनी जास्त बोलतो. खांद्यावर दोन बोटं ठेवली की ‘साहेब येतोय’. पोटावर थाप मारली की ‘चल डबा खाऊ’. साहेबांचे ओठ हलत होते. मधूनच ते वर बघायचे, की आम्ही माना डोलवायच्या. पुढचीने डोलवली की मागचीने डोलवायची. रोलरवालीला वाटलं नवे एप्रन मिळणार आहेत, तिने तर दोन्ही हात वर केले. मग साहेबांनी ऑफिसात बसून सगळे फॉर्म भरले. बरोबरच्या खुणा सगळ्या एका हाताच्या आहेत हे दिसलं नाही तुला? चौसष्ट बायका अशा कवायतीत उभ्या राहिल्यासारख्या खुणा करतील होय?

तुझा अकरावा प्रश्न कुणालाही ऐकू आला नाही गं.

पण हे तुझ्या-माझ्यात ठेव. तुझ्या मॅडम खूश आहेत, परिषद ठरलीय. आपल्या घरात आजवर कुणी कॉलेजच्या पुढे गेलं नाही. एक डॉक्टर होऊ दे, मग बघू खरं-खोटं.

तुझी मावशी


२ फेब्रुवारी

प्रिय मावशी,

तुझ्या-माझ्यात ठेवलं नाही. ठेवताच आलं नाही.

तीन दिवस ते फॉर्म समोर घेऊन बसले. तू म्हणालीस तशाच खुणा, सगळ्या उजवीकडे कललेल्या. मला त्या आधी दिसल्या नाहीत, कारण मला हवं ते उत्तर हातात आलं होतं. मग मॅडमकडे गेले. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

‘प्रत्यक्ष काम करताना असा गोंधळ थोडा होतोच,’ त्या म्हणाल्या. ‘निष्कर्ष तर बाकीच्यांच्या अभ्यासाशी जुळतोय.’

‘पण या बायकांनी उत्तर दिलेलंच नाहीये, मॅडम.’

‘तुझं वर्ष जाईल.’

‘जाऊ दे.’

त्यांनी चष्मा पुन्हा चढवला. मग म्हणाल्या, ‘परिषदेला मी कळवते. पण नवी माहिती कशी गोळा करणार ते लिहून आण. तावातावाने नको, नीट.’

बाहेर येऊन मी गठ्ठ्यावर लाल शाईने ‘वापरू नये’ लिहिलं.

आता एक कबूल करते. गेल्या वर्षी मी दोन दिवस तुमच्या विभागात येऊन बसले होते ना, तेव्हाची वही काढली. त्यात मी लिहिलंय: ‘इथल्या स्त्रिया चढ्या आवाजात बोलतात. काही विचारलं तर दुर्लक्ष करतात. बाहेरच्या माणसाविषयी अढी दिसते.’ वाचून माझी मलाच लाज वाटली. चढ्या आवाजात बोलतात, कारण... मावशी, खरं सांग. तुला फोनवर ऐकू येतं का?

माझी कॉलेजातली एक मैत्रीण कान तपासण्याचं काम करते. तिचं यंत्र घेऊन आम्ही दोघी येऊ शकतो. प्रशासनाची परवानगी मी काढते.

तुझी भाची


११ फेब्रुवारी

चि. मुलीस आशीर्वाद.

माझे कान शाबूत आहेत. तुझी मैत्रीण आणि तिचं यंत्र तिकडेच राहू दे. प्रशासनाला एक अक्षर लिहू नकोस.

दोन वर्षांपूर्वी आमच्यातल्या एकीच्या कागदावर ‘कामास अयोग्य’ असं आलं. गुडघ्यांवरून आलं होतं. महिन्याच्या आत ती घरी. वीस वर्षं तिने इथे चादरी उपसल्या होत्या. निरोपाचा चहासुद्धा झाला नाही. तू चार दिवस येशील, वहीत लिहिशील, जाशील. मला निवृत्तीपर्यंत अजून सात वर्षं काढायची आहेत. तुला खरं कळावं म्हणून आम्ही उघड्यावर यायचं का?

मावशी


२४ फेब्रुवारी

प्रिय मावशी,

तुझं बरोबर आहे. परवानगीची गोष्ट मी तुला न विचारता ठरवून टाकली. साहेबांनी फॉर्म न विचारता भरले, मीही तोच मार्ग धरला होता. बोलावल्याशिवाय मी येणार नाही आणि तिकडे कुणाला काही लिहिणार नाही.

पण विषय सोडणार नाही. तो गठ्ठा पुन्हा उघडणार नाही, आणि सोपी दुसरी जागा शोधून तुमचा विभाग गाळणारही नाही. मी थांबते. तू लिही, कधीही.

तुझी भाची


५ एप्रिल

प्रिय मावशी,

माझ्या पत्राला उत्तर नाही, दीड महिना होत आला. आई म्हणाली की तुमच्याकडे रोलरवर अपघात झाला आणि तू आठवडाभर नीट जेवली नाहीस. मी काही विचारत नाही. फक्त तू बरी आहेस एवढं एका ओळीत कळव.

तुझी भाची


१९ एप्रिल

चि. मुलीस अनेक आशीर्वाद.

एका ओळीत मावणारं नाही, म्हणून उशीर झाला.

चौदा मार्चला सकाळी रोलरमध्ये चादर अडकली. रोलरवाली पुढचं झाकण उघडून ओढायला गेली. यंत्र बंद झालं असं तिला वाटलं होतं. मी घड्या घालायच्या टेबलाशी होते. मला रोलर फिरताना दिसला. मी ओरडले. तीनदा ओरडले. साहेबांनी शिट्टी फुंकली. तिची पाठ आमच्याकडे होती आणि तिने मागे वळून बघितलं नाही. मी धावत जाऊन यंत्र थांबवायची दोरी ओढली तोवर डाव्या हाताची दोन बोटं गेली होती.

दुपारी अहवाल झाला. ‘वारंवार सूचना देऊनही कामगाराने लक्ष दिले नाही. सांगून ऐकत नाही.’ खाली ‘प्रत्यक्ष पाहणारे’ म्हणून माझी सही. मी ओरडले होते हे खरंच होतं. खरं आहे म्हणून सही केली. त्या शेऱ्यावर तिची भरपाई अडेल, कामही जाईल, हे मला तेव्हा सुचलं नाही. सुचलं असतं तरी सही केली असती का, ते मला सांगता येत नाही. हे तुला लिहायला महिना लागला.

चौथ्या दिवशी तिला बघायला वॉर्डात गेले. स्वच्छ, शांत खोली. मी तिच्या डाव्या बाजूला बसून बोलायला लागले, आणि ती आपली भिंतीकडे बघत पडून. मला वाटलं, रागावलीय, सहीचं कळलंय. तेवढ्यात नर्स समोर येऊन मला म्हणाली, ‘बाई अजिबात ऐकत नाहीत हो, हात उंच ठेवा म्हणून किती वेळा सांगायचं?’ मी उठून पलंगाच्या दुसऱ्या बाजूला गेले, तिच्या तोंडासमोर. ती खुदकन हसली. म्हणाली, ‘अगं, कधी आलीस?’

मी तिथेच रडले. ती मलाच समजावत बसली.

माझं विचारलं होतंस. सहा वर्षं झाली. आधी घड्याळाची टिकटिक गेली, मग दारावरची बेल. टीव्ही मोठा लावते म्हणून शेजारीण माझ्याशी बोलायची बंद झालीय. बोलत असेलही. फोनवर मला नुसतं खरखर ऐकू येतं. तुझा आवाज आहे एवढं कळतं, शब्द कळत नाहीत. म्हणून ‘बरं बरं’.

तू ये. मैत्रिणीला घेऊन ये. हॉस्पिटलात नको, माझ्या घरी, रविवारी. आम्ही बायका बसून बोललोय आणि तीन अटी ठरल्यात. तपासणीचा कागद जिचा तिला, तुझ्याकडे फक्त आकडे. कोण आली, कोण नाही, हे कुणालाही सांगायचं नाही. आणि जे लिहिशील ते छापायच्या आधी आम्हाला दाखवायचं.

तुझी मावशी


३ जून

प्रिय मावशी,

परत येऊन आठवडा झाला. आकडे लावून झाले, ते आधी तुम्हाला पाठवतेय. मॅडमनासुद्धा अजून दाखवले नाहीत.

चार रविवार, एक्कावन्न बायका. अडतीस जणींचं ऐकू येणं कमी झालंय. दहा वर्षांहून जास्त काम केलेल्यांत तर जवळजवळ सगळ्यांचं. माझी मैत्रीण म्हणते, तुझ्या आतल्या खोलीच्या भिंतींना लावलेल्या रजया आवाज अडवायला तिच्या केंद्रातल्या खोलीहून सरस होत्या. ती सुरकुतलेली बाई आठवते, जी ‘आवाज आला की बटण दाब’ म्हटल्यावर दर पाच सेकंदांनी दाबत होती? मैत्रिणीने विचारलं तर म्हणाली, ‘नापास झाले तर?’ मला तेव्हा हसू आलं. गाडीत बसल्यावर मात्र ते हसू गेलं. आयुष्यभर तिने माना अशाच डोलवल्या असतील, नापास होऊ नये म्हणून.

मी माझ्या वहीतला तो उतारा मोठ्या अक्षरांत पुठ्ठ्यावर लिहून सगळ्यांना दाखवला, तेव्हा तो पुठ्ठा हातोहात मागच्या भिंतीपर्यंत फिरला. तेवढ्या वेळात मला पळून जावंसं वाटलं. मग रोलरवाली पट्टी बांधलेला हात नाचवत म्हणाली, ‘चढ्या आवाजात नाही तर काय, अंगाई म्हणू का तुला?’ तिने हसवलं म्हणून मी तिथे बसू शकले.

निघताना तुम्ही बायकांनी मला लिहून दिलेले प्रश्न माझ्या टेबलासमोर चिकटवलेत. पहिलाच मोठा अवघड: ‘तुझी पदवी झाली की तू कुठे असशील?’ त्याचं उत्तर आता देते. पुढे नोकरी कुठे मिळेल ते माहीत नाही, खोटं बोलणार नाही. पण प्रबंध मी बाजूला ठेवलाय. आधी तुमचा अहवाल करायचा, तुमच्या भाषेत, पाच पानांचा, आणि तो तुमच्या हातात द्यायचा. कुणाला द्यायचा, कधी, की द्यायचाच नाही, ते तुम्ही ठरवा. पदवी त्यानंतर. मॅडमना सांगितलं. त्या म्हणाल्या, ‘आणखी सहा महिने गेले तुझे.’ आणि मग म्हणाल्या, ‘अहवालाचा मसुदा मला दाखव. आकडे कुणाला खोडता येणार नाहीत असे मांडू.’

तुझी भाची


१५ जुलै

चि. मुलीस अनेक आशीर्वाद.

अहवाल प्रशासकांना द्यायचं आम्ही बायकांनी ठरवलं, आणि काल सभा झाली. प्रशासकांच्या खोलीत, जाड गालिचा, यंत्रांचा आवाज भिंतीपलीकडे. आम्ही पाच जणी गेलो. रोलरवाली मध्ये बसली, हात टेबलावर सगळ्यांना दिसेल असा ठेवून.

प्रशासकांनी अहवाल चाळला. गोड बोलले. मी त्यांच्या ओठांवरून नजर काढली नाही. म्हणाले, ‘ज्यांना त्रास आहे त्यांची नावं द्या. आम्ही हलकं काम देऊ.’

हलकं काम फाटकाच्या कुठल्या बाजूला असतं ते आम्हाला ठाऊक आहे. मी सह्यांचा कागद पुढे सरकवला. एक्कावन्न सह्या. ज्यांचे कान ठणठणीत आहेत त्यांनीही केल्यात.

‘यातल्या कमी ऐकू येणाऱ्या कोण?’

‘ते तुम्ही ओळखा,’ मी म्हटलं.

मग मी माझा दुसरा जबाब वाचला. घरी आरशासमोर सात वेळा वाचला होता. तुला तो तसाच लिहून पाठवते:

‘चौदा मार्चच्या अहवालावर माझी सही आहे. मी ओरडले हे खरं आहे. ती सांगून ऐकत नव्हती हे खरं नाही. तिला ऐकू येत नव्हतं. मलाही येत नाही. हे या जागेने अठ्ठावीस वर्षांत केलंय आणि मी सहा वर्षं ते लपवलं नसतं तर तिची बोटं कदाचित वाचली असती. माझी आधीची सही मी मागे घेते.’

मी कागदाची घडी घालत होते. तेवढ्यात शेवटच्या खुर्चीवरून सुपरवायझर पुढे वाकले, कानामागे हात धरून म्हणाले, ‘काय? काय म्हणाल्या?’

अगं, तोही बारा वर्षं त्याच हॉलमध्ये आहे! आम्ही पाचही जणी एकमेकींकडे बघितलं. त्याला हसावं असं एकीलाही वाटलं नाही. मी उठले, त्याच्या समोर जाऊन उभी राहिले आणि पहिल्या शब्दापासून पुन्हा वाचलं. वाचून होईपर्यंत त्याचा चेहरा पांढरा पडला होता. प्रशासकांनी त्याला विचारलं, ‘तुमचं काय म्हणणं?’ तो म्हणाला, ‘शेरा मी लिहिला होता. खोडायला हवा.’

तर काय मिळालं ते सांगते. शेरा खोडला, रोलरवालीची भरपाई मोकळी झाली, ती ऑगस्टपासून घड्यांच्या टेबलावर येतेय. झाकण उघडलं की रोलर आपोआप थांबेल अशी कळ बसवणार आहेत. धोक्याच्या घंटेबरोबर लाल दिवे लागणार. कानांवरची झाकणं मिळाली. वर्षातून एकदा तपासणी, आणि तिच्यावरून कुणालाही काढणार नाही, असं लेखी दिलंय. ड्रायर बदलून मागितले होते, ते मिळाले नाहीत. सगळ्यात जास्त तेच बोंबलतात. ते पुढच्या सभेत पुन्हा मागू.

आणि मला नोटीस आलीय, जबाब का बदलला म्हणून. घाबरू नकोस. बायका म्हणाल्या, उत्तर आम्ही मिळून लिहू. कालच्या सुट्टीत बसलो होतो. पहिला मसुदा फार शिव्यांचा झाला, आज दुसरा करतोय.

परवा साहेब माझ्या टेबलाशी आले. इकडेतिकडे बघून हळूच विचारलं, ‘तुमच्या भाचीची ती मैत्रीण अजून येते का हो?’

तुझी मावशी


१८ ऑक्टोबर

प्रिय मावशी,

तुझं ते सभेचं पत्र येऊन सव्वा वर्ष झालं. तुझी नोटीस रद्द झाल्याचं कळवलंस त्या दिवशी मी इथे टेबलावर चढून नाचले होते. आजची बातमी त्याहून शांत आहे. सकाळी तोंडी परीक्षा झाली. झाले डॉक्टर.

सगळं सुरळीत झालं नाही. बाहेरून आलेले परीक्षक तुमचं प्रकरण उघडून बसले. म्हणाले, ‘सगळीकडे “पीडित” हा शब्द वापरतात. तुम्ही एकदाही वापरलेला नाही. का?’

मी म्हटलं, ‘मसुद्यात सतरा ठिकाणी होता. ज्यांच्याबद्दल आहे त्यांनी वाचून खोडला. वर “कामगार” लिहिलं.’

‘संशोधनातले शब्द त्या ठरवणार?’

‘त्यांच्याबद्दलचे, हो.’

मग त्यांनी पहिलं प्रकरण काढलं, चौसष्ट फॉर्मचं, माझ्या चुकीचं. ‘हे गाळा. प्रबंधात स्वतःची फजिती कुणी छापतं का?’ मी म्हटलं, ‘त्या फॉर्मवरून मी जवळजवळ सिद्ध करून टाकलं होतं, की या बायकांना अन्याय कळतच नाही. त्यांना कळत होतं. आम्ही विचारलं कसं ते बघायला मला एक वर्ष लागलं. ते प्रकरण गाळलं तर पुढच्या माणसाचंही एक वर्ष जाईल.’ मॅडम मान खाली घालून काहीतरी लिहीत बसल्या होत्या. नंतर बघितलं तर कागदावर नुसत्या रेघोट्या होत्या.

प्रकरण राहिलं. तुझ्या-माझ्या नात्याचं मी पहिल्या पानावरच लिहिलंय, त्यावरही दोन प्रश्न आले, ते निभावले.

शेवटी त्यांनी विचारलं, ‘तुमच्या अभ्यासाची सर्वांत मोठी उणीव कोणती?’ याचं उत्तर मी पाठ करून गेले होते, अर्ध्या पानाचं. ते बोललेच नाही. म्हटलं, ‘चौसष्टपैकी तेरा बायका आल्या नाहीत. त्यांनी सहीही केली नाही. त्या मला अजून भेटलेल्या नाहीत, आणि त्यांच्याबद्दल एक अक्षरही मी लिहू शकत नाही.’

खोलीतून बाहेर आले, सगळ्यांनी हात मिळवले, पेढ्यासारखं काहीतरी कुणीतरी तोंडात कोंबलं. तेव्हाही डोक्यात तेच होतं. त्या तेरा जणींचा तुझ्यावर विश्वास नाही की माझ्यावर, की त्यांना काही वेगळंच म्हणायचंय? तू त्यांना विचारशील का, मी आले तर चालेल का? ‘नको’ म्हणाल्या तर तेही कळव. एकीने जरी ‘ये’ म्हटलं तरी मी शनिवारच्या गाडीने निघते. या वेळी फॉर्म आणणार नाही. कोरी वही आणेन, आणि पहिलं पान त्यांनाच लिहायला देईन.

तुझी भाची